पहाटे पाचचा फोन

२०१० साली झोप आणि स्वप्न यांवर बेतलेले दोन थरारपट आले. फेब्रुवारीत आलेला ‘कार्तिक कॉलिंग कार्तिक’ हिंदी, मुंबईत घडणारा. जुलैत आलेला ‘इन्सेप्शन’ हॉलिवूडचा. पहिल्याची चर्चा थोडी झाली, दुसऱ्याची जगभर झाली. आम्ही तेव्हा दोन्ही पाहिले नव्हते. पाहिले ते गेल्या पावसाळ्यात, पनवेलच्या घरी, आठ दिवसांच्या अंतराने. त्या दिवसांत आमच्या घरात एक स्वप्न मुक्कामाला आलं होतं, त्यामुळे पडद्यावरची गोष्ट पडद्यावर राहिली नाही.

आम्ही म्हणजे पाच भावंडं, तीन भाऊ आणि दोन बहिणी. हे लिहिताना पाचही जणांनी आपापलं सांगितलं. जिथे आमचं जुळत नाही तिथे ते तसंच ठेवलं आहे. छापायला पाठवण्याआधी अम्मीला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी खोडायला लावलं, आम्ही खोडलं.

आधी ‘कार्तिक’ची गोष्ट सांगतो. चित्रपट जुना झाला, त्यामुळे शेवट सांगितल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत असं धरून चालतो. कार्तिक (फरहान अख्तर) मुंबईतल्या एका बांधकाम कंपनीत नोकरीला आहे. बुजरा, मान खाली घालून चालणारा. साहेब हवं ते बोलतो, हा ऐकून घेतो. ऑफिसातली शोनाली (दीपिका पदुकोण) त्याला आवडते. तिला तो रोज ईमेल लिहितो आणि न पाठवता ठेवून देतो. लहानपणी भाऊ विहिरीत पडून गेला आणि तो आपल्यामुळे गेला, हे ओझं त्याच्या छातीवर आहे. एके दिवशी नोकरी जाते. झोपेच्या गोळ्या पुढ्यात घेऊन तो बसलेला असताना फोन वाजतो. पलीकडचा माणूस म्हणतो, मी कार्तिक बोलतोय. आवाजही तोच.

त्यानंतर रोज पहाटे पाचला तो फोन येतो. साहेबाशी कसं बोलायचं, कपडे कोणते घालायचे, शोनालीला काय म्हणायचं, सगळं पलीकडचा सांगतो. कार्तिक तसं वागतो आणि त्याचं आयुष्य बदलून जातं. अट एकच, या फोनबद्दल कुणाला बोलायचं नाही. तो शोनालीला सांगतो आणि तोच आवाज वैरी होऊन उठतो. जे दिलं ते सगळं काढून घेतो. शेवटी कार्तिक सगळं सोडून कोचीला जाऊन राहतो, फोनशिवाय. नंतर कामासाठी फोन घ्यावाच लागतो तेव्हा त्याचा नंबर आपल्यालाही कळू नये याची काळजी घेतो.

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर (शेफाली शाह) शेवटी उलगडा करते. फोनच्या त्या यंत्रात आवाज साठवून ठेवण्याची आणि ठरल्या वेळी घंटी वाजवण्याची सोय असते. रात्री झोपेत उठून त्यात बोलणारा कार्तिकच. पहाटे पाचला उठून ऐकणाराही तोच.

आमच्या आपाची मुलगी कॉलेजात मानसशास्त्र शिकते. चित्रपट तिनंच लावला होता, त्यामुळे मध्येच थांबवून बोलण्याचा हक्कही तिनं स्वतःकडे घेतला. ती म्हणाली, झोपेत चालणं-बोलणं बहुतेक वेळा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत होतं. त्या अवस्थेत माणूस इतकं मुद्देसूद बोलत नाही आणि यंत्राची वेळ लावून परत अंथरुणावर जात नाही. ती सिनेमाची सूट. पण एक गोष्ट तिनं बोट ठेवून दाखवली आणि ती आम्हाला पटली. फोनवरचा कार्तिक जे जे सांगतो, त्यातलं एकही कार्तिकला आधी माहीत नसलेलं नाही. साहेब कुठे दबतो, आपली किंमत काय, शोनालीला काय आवडतं, हे सगळं त्याला ठाऊकच असतं. स्वतःच्या तोंडून ते बोलण्याची हिंमत नसते, एवढंच. आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात. जाणीव आणि नेणीव ही जोडी मराठीत किती जुनी आहे! नेणीव म्हणजे जे आपल्याला माहीत नाही असं नाही, तर जे माहीत आहे हेच माहीत नाही ते, अशी तिची व्याख्या. परीक्षेत तिला किती मार्क मिळतील सांगता येत नाही, पण त्या रात्री अम्मीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, हे आमच्यातल्या दोघांनी टिपलं.

आता घरातलं. अब्बांच्या इंतकालाला दोन वर्षं झाली. त्यांनी १९८१ साली नेऱ्याच्या बाजूला चौदा गुंठे जागा घेतली होती. एक विहीर, एक मोठं आंब्याचं झाड, दोन खोल्यांचं कौलारू घर. आमच्यातले थोरले तिघे तिथे वाढले, मग सगळे पनवेलला मोहल्ल्यात आलो. जागा तशीच पडून राहिली. वर्षातून एकदा आंबे उतरवायला जायचं, तेवढाच संबंध. पण नवी मुंबई विमानतळाचं काम वाढत गेलं तसा पनवेल तालुक्यातल्या कोपऱ्याकोपऱ्यातल्या जागांना भाव आला. विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, जागांचे भाव मात्र त्याच्या कितीतरी आधीच उडू लागले होते. दलालांचे फोन आम्हा पाचांनाही यायला लागले. त्यांना आमचे नंबर कुठून मिळतात हा एक वेगळाच थरारपट आहे.

सातबाऱ्यावर वारसांची नोंद झालेली होती. हिशेब सरळ होता. मुलंबाळं असलेल्या विधवेचा वाटा आठवा. उरलेल्याचे आठ भाग करून तीन भावांना दोन-दोन, दोन बहिणींना एकेक. म्हणजे अम्मीच्या वाट्याला पावणेदोन गुंठे. यावर कुणाचा वाद नव्हता. विकावी की ठेवावी यावर होता. कुणाला मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, कुणाला भाड्याच्या घरातून बाहेर पडायचं होतं. अम्मीला विचारलं की ती म्हणायची, तुम्ही ठरवा.

आणि मग तिला स्वप्न पडायला लागलं. पहाटे, फजरच्या अजानआधी. अब्बा जागेवरच्या विहिरीपाशी उभे आहेत, बाह्या दुमडलेल्या, हात ओले. ते तिला विचारतात, ‘दोरी कुठे ठेवलीस?’ ती घरात शोधायला जाते आणि जाग येते. दोन महिन्यांत सात-आठ वेळा हेच, असंच. एक शब्दही बदलत नव्हता.

घरात जितकी माणसं तितके अर्थ निघाले. थोरला भाऊ, आमचा भाईजान, म्हणाला, अब्बांना जागा विकलेली नको आहे. धाकटा म्हणाला, दोरी म्हणजे बांधून ठेवणं, ती सापडत नाही म्हणजे सोडून द्या असंच सांगतात. फुफू म्हणाल्या, माझा भाऊ काहीतरी मागतोय, त्याच्या नावानं खैरात करा. खैरात केली. त्यात वाईट काय आहे? भाभीच्या माहेरून ख्वाबनाम्याचं एक पुस्तक आलं, मुखपृष्ठावर इब्न सीरीन यांचं नाव. इब्न सीरीन हे बसऱ्याचे मोठे विद्वान, हिजरी ११० मध्ये वारले. त्यांच्या नावावर खपणारे ख्वाबनामे त्यांनी स्वतः लिहिलेले नाहीत असं जाणकारांचं मत आहे. त्या पुस्तकात विहिरीचे आणि दोरीचे इतके अर्थ निघाले की ज्याला जो हवा होता त्याला तो मिळाला. भाईजानलाही मिळाला, धाकट्यालाही मिळाला.

शेजारच्या एकांनी ‘असर’ झाल्याचं सांगून एका बाबांचा पत्ता दिला. दुसऱ्या एकानं हसत हसत ‘ठाण्याला दाखवा’ म्हटलं. १९०१ सालापासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे आणि त्या शहराचं नाव आपल्या भागात अशी चेष्टा म्हणून वापरलं जातं, हे काही नवीन नाही. अम्मी घरचं सगळं व्यवस्थित करत होती, पाच वक्त नमाज, जेवणखाण, कपाटाच्या किल्ल्या. तिला बाबाचीही गरज नव्हती आणि ठाण्याचीही. स्वप्न पडणं हा आजार नाही. झोपच उडाली असती, दिवसा आवाज ऐकू येत असते, खाणं सुटलं असतं, तर आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही मानलं नसतं.

मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पैगंबरांच्या (सल्ल.) हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार आले आहेत. एक अल्लाहकडून येणारी खुशखबर, एक सैतानाकडून येणारी भीती आणि तिसरं माणूस दिवसभर आपल्या मनाशी जे बोलतो ते. तुमच्या अम्मीचं कोणतं ते मी सांगू शकत नाही, पण एवढं सांगतो की आपल्यासारख्या साध्या माणसाच्या स्वप्नावरून कुणाचा हिस्सा कमी होत नाही, वाढत नाही, व्यवहार होत नाही, मोडत नाही. मग उठता उठता म्हणाले, हजरत यूसुफ (अलै.) यांची गोष्ट आठवा. बादशहानं स्वप्नात सात धष्टपुष्ट गायींना सात रोड गायी खाताना पाहिलं. दरबारी म्हणाले, ही नुसती सरमिसळ आहे. यूसुफ यांनी अर्थ तर सांगितलाच, पण धान्य कणसातच ठेवा, साठवा, हेही सांगितलं. स्वप्न ऐकल्यावर जागेपणी काय करायचं, ते ज्याला कळलं त्याला ताबीर कळली.

हे सगळं होऊन गेल्यावर आम्ही ‘कार्तिक’ पाहिला. रविवार होता, बाहेर पाऊस धो धो, लाईट जात-येत होती. अम्मी सहसा नवे चित्रपट पाहत नाही. तिचा चित्रपट म्हणजे ‘महल’. १९४९ चा, कमाल अमरोहींचा, अशोककुमार आणि मधुबाला. नायकाला वाटतं की पूर्वजन्मीची प्रेयसी आत्मा होऊन आपल्याला बोलावते आहे, त्या नादात त्याचा संसार उद्ध्वस्त होतो आणि ती निघते जिवंत, माळ्याची मुलगी. ‘महल’मध्ये भूत नाहीच, हे अम्मी आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. आम्ही घाबरून पांघरुणात शिरायचो आणि ती म्हणायची, अरे ती पगारी माळ्याची पोर आहे, झोपा.

तर ‘कार्तिक’ संपला. डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. आम्ही एकमेकांशी फोनच्या यंत्राबद्दल वाद घालत होतो. अम्मी म्हणाली, ‘दुसऱ्यानं सांगितलं म्हणून ऐकलं त्यानं. आपलं आपण कोण ऐकतो?’

कुणी काही बोललं नाही. मग तिनं दोरीबद्दल सांगितलं.

१९८३ मध्ये अब्बा कुवेतला निघाले. कोकणातल्या किती घरांत तेव्हा हेच चाललं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी विहिरीची दोरी सोडली, एक टोक विहिरीच्या काठाला लावलं आणि आंब्यापर्यंत ताणत नेली. म्हणाले, मेहर मी दिलेला नाही. निकाहनाम्यात लिहिलेली रक्कम आता द्यायची म्हणजे थट्टा होईल. मी परत आलो किंवा नाही आलो, विहिरीपासून आंब्यापर्यंतचा हा पट्टा तुझा, मेहर म्हणून. कागद नाही, साक्षीदार नाही. दोघं नवरा-बायको, एक दोरी आणि उद्याची बोट किंवा विमान. १९९० मध्ये, कुवेतवर इराकचा हल्ला झाला तेव्हा, अब्बा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. नंतर तो विषय निघाला नाही. संसार चालू असताना नवऱ्याला मेहर मागणारी बाई आपल्या मोहल्ल्यात कुणी पाहिली आहे?

पुढचं सांगताना तिचा आवाज बदलला. जनाजा उठण्याआधी बायकांनी तिला पुढे आणलं आणि म्हणाल्या, मेहर माफ कर, म्हणजे त्याचा रस्ता सोपा होईल. ही रीत किती जणींनी पाहिली असेल! मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, इतर कर्जांसारखं ते मालमत्तेतून आधी फेडायचं आणि मग वाटण्या करायच्या, हा नियम. मयताच्या उशाशी, रडून डोळे सुजलेल्या बाईला विचारून त्याची माफी घ्यायची, ही पद्धत. अम्मीनं मान हलवली. तोंडानं ती काही बोलली नाही. ‘मी हो म्हटलं की नाही म्हटलं, मलाच माहीत नाही,’ असं ती आम्हाला म्हणाली. आणि मग आठव्या हिश्श्याचा हिशेब झाला, पावणेदोन गुंठे, आणि त्या हिशेबात कुठे दोरी नव्हती.

भाचीनं तेव्हा शहाणपणा केला, ती गप्प राहिली. नंतर, अम्मी झोपायला गेल्यावर तिनं आम्हाला समजावलं. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या आसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी शोधून काढलं की झोपेत ठरावीक वेळानं बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. तेव्हा उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दीड तासाचं एक आवर्तन असतं आणि पहाटेकडे ही स्वप्नांची झोप लांबत जाते. फजरला उठणाऱ्याला स्वप्न आठवतं, कारण तो त्यातूनच उठतो. पहाटेचं स्वप्न खरं होतं हा समज बहुधा इथूनच आला असावा, असं आम्हाला वाटतं. ते ताजं असतं, एवढं नक्की. याच अवस्थेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. कधी कधी मन जागं होतं आणि शरीर नाही. मग हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. मोहल्ल्यातल्या निम्म्या ‘असर’ची गोष्ट इथे मिटावी. फ्रॉइडचंही नाव तिनं घेतलं. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक छापून झालं नोव्हेंबर १८९९ मध्ये, पण प्रकाशकानं वर साल टाकलं १९००. दडपलेली इच्छा वेश बदलून स्वप्नात येते, हे त्याचं मुख्य म्हणणं. आजचे संशोधक ते जसंच्या तसं मानत नाहीत. पण ज्या बाईला चार माणसांसमोर ‘मेहर’ हा शब्द उच्चारता येत नाही, तिच्या स्वप्नात मेहर दोरी होऊन येतो, यासाठी आम्हाला व्हिएन्नाला जायची गरज वाटली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण निकाहनामा काढला. १९७४ चा, पिवळा पडलेला, उर्दूत. मेहर एक हजार एक रुपये. भाईजान म्हणाला, कागदावर हे आहे. हजार रुपये द्या, वाटल्यास सोन्याच्या भावानं वाढवून द्या. विहीर ते आंबा म्हणजे साडेचार गुंठे होतात. त्याची आजची किंमत काय, ते मी सांगायला नको. कुणी खोटं बोलतंय असं त्याचं म्हणणं नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की अम्मीला हे आठवतंय की वाटतंय? स्वप्न आधी की आठवण आधी?

प्रश्न कडू होता, पण चुकीचा नव्हता. आणि त्याला धार आली ती पुढच्या रविवारी, ‘इन्सेप्शन’मुळे.

त्यात कॉब (लिओनार्डो डिकॅप्रिओ) दुसऱ्याच्या स्वप्नात शिरून गुपितं चोरतो. त्याला उलटं काम मिळतं, एक विचार चोरायचा नाही, पेरायचा. ज्याच्या मनात पेरायचा तो एका अफाट उद्योगपतीचा मुलगा, फिशर. बाप नुकताच वारला आहे. बापाचं साम्राज्य मुलानं मोडून टाकावं, आणि ते कुणी सांगितलं म्हणून नाही तर स्वतःच्या मनानं, असं प्रतिस्पर्ध्याला हवं आहे. सिडनीहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या विमानात त्याला झोपवतात, स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी स्वप्न, आणि तळाशी एका तिजोरीजवळ मरणपंथाला लागलेला बाप. तिजोरीत मृत्युपत्र आणि लहानपणीची कागदी भिंगरी. बापाला आपण दुसरा ‘तो’ व्हायला नको होतो, आपण आपलं काहीतरी करावं असंच त्याला वाटत होतं, असं मुलगा समजतो. रडतो. बापाचं प्रेम त्याला मिळतं, फक्त ते चोरांनी बनवलेलं असतं.

वारस, गेलेला बाप, त्याची इच्छा, मालमत्ता. आम्ही पाच जण एका ओळीत बसून हे पाहत होतो आणि कुणी शेंगदाण्यांना हात लावला नाही. कॉबचा भोवरा शेवटी फिरत राहतो, तो पडतो की नाही ते दाखवत नाहीत. त्यावर जगभर लोक वाद घालतात. आमच्या घरात भोवऱ्यावर कुणी बोललं नाही. आमची सगळी चर्चा त्या भिंगरीवर झाली. आमच्या मते चित्रपटाचा खरा थरार तिथेच आहे. फिशरच्या मनात पेरलेली गोष्ट खोटी, पण तिच्यानं त्याचं जे भलं झालं ते खोटं म्हणायचं का?

त्या रात्री भाईजान गच्चीवर बराच वेळ एकटा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हा चौघांना बोलावलं आणि जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहावं असा त्याचा आग्रह आहे: ‘मला एक आठवतं. मी सात वर्षांचा असेन. ओली दोरी हातात आहे, माझ्या हातातून सुटते आणि अब्बा म्हणतात, घट्ट धर. बाकी काही आठवत नाही. संध्याकाळ होती का, आंबा होता का, माहीत नाही. आणि हेही माहीत नाही की ही आठवण माझी आहे की अम्मीनं सांगितल्यावर माझ्या डोक्यात तयार झाली. मी शपथेवर सांगणार नाही.’

अम्मीला विचारलं, तेव्हा भाईजान तिथे होता का? ती म्हणाली, ‘असेल. पोरं पायातच असायची.’

भाची म्हणते, आठवण ही कपाटातल्या फाईलसारखी नसते. दर वेळी काढताना ती थोडी नव्याने लिहिली जाते. असेल. आम्ही मौलानांकडे परत गेलो. त्यांनी सांगितलं, सगळे वारस सज्ञान आहेत, सगळ्यांनी राजीखुशीनं आईचं म्हणणं मान्य केलं तर प्रश्न उरत नाही. एकानंही पुरावा मागितला तर पुरावा लागेल आणि तो स्वप्नाचा चालणार नाही. वकिलांनी सांगितलं, साडेचार गुंठ्यांचा वेगळा सातबारा करण्यात अडचणी आहेत, त्यापेक्षा आपसांत लेखी करार करा. करार झाला. विहिरीपासून आंब्यापर्यंतचा पट्टा मेहर म्हणून अम्मीचा. तिच्या हयातीत तो विकायचा की नाही हे ती ठरवेल. उरलेल्या साडेनऊ गुंठ्यांत सगळ्यांचे हिस्से नियमाप्रमाणे, अम्मीचा आठवाही त्यात, सव्वा गुंठ्याच्या आसपास. पाचही सह्या झाल्या. भाईजानची सगळ्यात शेवटी, आठ दिवसांनी.

त्याला विचारलं, अखेर कशावरून सही केलीस? आठवणीवरून? तो म्हणाला, नाही. अम्मी खोटं बोलत नाही यावरून. एवढ्यासाठी पुरावा कशाला हवा होता, असं धाकटी बहीण म्हणाली. त्यावर दोघांचं थोडं वाजलं. अजूनही त्या विषयावर ते एकमेकांशी जपून बोलतात. विकायचं की नाही, तेही ठरलेलं नाही. साडेनऊ गुंठ्यांसाठी दलालांचे फोन चालूच आहेत. फुफूंना मात्र मनापासून वाटतं की त्यांचा भाऊच आला होता, बायकोचा हक्क द्यायला. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. मौलानांनीही तो पहिला प्रकार की तिसरा, हे सांगितलं नव्हतंच.

एक गोष्ट भाचीनं वहीत लिहून ठेवली आहे. दोरीचं स्वप्न करार झाल्यावर लगेच थांबलं नाही. आणखी दोनदा पडलं, अगदी तसंच. अम्मी म्हणाली, ‘सवय लागली असेल त्यांना.’ मग बंद झालं. गेल्या महिन्यात अब्बा पुन्हा स्वप्नात आले, या वेळी पनवेलच्या घरात, खुर्चीत बसलेले. विचारत होते, लाईटबिल भरलं का?

फुफूंनी ऐकल्या ऐकल्या दुआ केली. आम्ही बिल शोधलं. खरंच राहिलं होतं, दोन दिवसांवर शेवटची तारीख. भाचीनं अम्मीला विचारलं, नानी, तुला माहीत होतं का बिल राहिलंय ते?

‘माहीत होतं ना,’ अम्मी म्हणाली. ‘फ्रिजवर तर ठेवलं होतं.’